तीन मिनिटांचे कवी : ग. दि. माडगूळकर

आमच्या मलकपेठेच्या बाजारात महाराष्ट्रातून कांद्याच्या गाड्या येतात, हे येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मराठी घरांत महाराष्ट्रातून आणखी एक वस्तू येत राहिली, ती म्हणजे गाणे. पूर्वी ते काळ्या तबकडीतून येई. तबकडीच्या मध्यावरील कागदी वर्तुळावर गायकाचे नाव ठळक असे, कवीचे बारीक अक्षरांत. ते बारीक नाव ज्यांचे पुष्कळदा असे, त्या गजानन दिगंबर माडगूळकरांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे या गावी झाला. घराणे माडगूळ्याचे. वडील औंध संस्थानात कारकून होते. घरात माणसे बरीच आणि मिळकत अपुरी, असा तो संसार होता. कुंडल आणि औंध येथे त्यांचे शिक्षण झाले. पण मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताने दगा दिला आणि शाळेचे दार कायमचे बंद झाले. आमच्या काही विद्यार्थी मित्रांना हे वाचून धीर येईल. मात्र पुढचेही त्यांनी नीट वाचावे.

पोटासाठी हा तरुण कोल्हापुरास गेला. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये त्यास किरकोळ भूमिका मिळू लागल्या. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात तो पडद्यावर दिसला. त्याहून मोलाचे काम निराळेच होते. वि. स. खांडेकर सांगत आणि माडगूळकर लिहून घेत. दुसऱ्याची वाक्ये उतरविता उतरविता भाषेचे वजन हातास कळू लागले. १९४२ साली ‘भक्त दामाजी’ आणि ‘पहिला पाळणा’ या चित्रपटांसाठी त्यांनी गीते लिहिली आणि गीतकार म्हणून त्यांचे नाव झाले.

दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. तबकड्या लाखेच्या रसायनाने घडविल्या जात आणि ती लाख आपल्याच देशातून जगभर जाई. युद्धामुळे तिची सर्वत्र चणचण होती. तिकडे इंग्लंडात सैनिकांच्या घरांतून रेडिओवरची आणि तबकडीवरची गाणी ऐकली जात होती. आपल्याकडे मराठी भावगीत त्याच यंत्राच्या आधाराने घरोघर पोहोचत होते. या यंत्राची एक अट मोठी कडक होती. तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांत संपे. धृपद, अंतरे, मधले वाद्यसंगीत, सारे तेवढ्यात बसवावयाचे! आमच्या मते माडगूळकरांची खरी शाळा हीच. एक शब्द फाजील झाला तर तो कापावा लागे, आणि ऐकणारा शेतकरी असो वा वकील, पहिल्याच फेरीत त्यास अर्थ कळावा लागे. कोल्हापुरातच सुधीर फडके या संगीतकाराशी त्यांचा स्नेह जडला. या दोघांना दिग्दर्शक राजा परांजपे येऊन मिळाले आणि ‘लाखाची गोष्ट’, ‘जगाच्या पाठीवर’ असे चित्रपट निघाले. दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी माडगूळकरांच्या लेखणीचा संबंध आला. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथाही त्यांचीच.

तीन मिनिटांचा हा कवी मोठ्या कामास कसा लागला, ते आता सांगतो. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी त्यांना वर्षभर दर आठवड्यास रामकथेवर एक गीत लिहावयास सांगितले. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी, हा आरंभाचा दिवस ठरला. असे सांगतात की पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी फडक्यांच्या हातून हरवला. माडगूळकर संतापले. लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून दार लावले, आणि थोड्याच वेळात तेच गीत कवीने पुन्हा लिहून दिले. त्या वर्षी अधिक मास होता, म्हणून बावन्न गीतांची छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गायक त्यात गायिले. दर आठवड्यास नवे गीत, नवी चाल, तालीम आणि प्रक्षेपण! एकही आठवडा चुकविण्याची मुभा नव्हती. ‘गीतरामायण’ एप्रिल १९५६ मध्ये पूर्ण झाले.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची विभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही हैदराबादचे मराठी लोक येथेच राहिलो. काचीगुड्याहून सुटणारी गाडी तीच राहिली, पण नांदेड-औरंगाबादचे सोयरे परराज्यातले झाले. शाळेबाहेर तेलुगू आणि उर्दू. मुलांच्या कानावर चांगली मराठी पडावी कशी, ही घराघरांतील काळजी होती. अशा घरांना या गीतांचा किती आधार झाला, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. पुढे ‘गीतरामायण’ तेलुगूतही उतरले, हे शेजाऱ्यांस सांगताना आम्हांस अभिमान वाटतो.

१९६५ साली फडक्यांच्या आवाजातील संपूर्ण ‘गीतरामायण’ दहा दीर्घ तबकड्यांवर निघाले. माडगूळकर बारा वर्षे विधान परिषदेचे सदस्य होते, १९६९ साली पद्मश्री झाले आणि १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

दहा तबकड्यांच्या वीस बाजू, गीते छप्पन्न. एका बाजूस तीनही पुरती येत नाहीत. हे गणित त्यांनी स्वतः कधी मांडले असेल असे वाटत नाही. ज्यांच्या घरी तो संच होता, त्यांच्याकडे रामनवमीस शेजारपाजारची मंडळी जमत, आणि बाजू संपली की तबकडी उलटण्याचा मान घरातील धाकट्या मुलाकडे असे.