चांद्रयानाच्या बुडाखालचा जाळ अन् पावसाचं मॉडेल : डॉ. वसंत गोवारीकर

बीड : २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा गावोगाव लोक मोबाईलला चिकटून बसले होते. विक्रम लँडर सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्याआधी १४ जुलैला श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडालं तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना जी दोन जाडजूड नळकांडी धगधगत होती, त्यांच्याकडं फारसं कुणी पाहिलं नाही. जमिनीवरून उचल त्यांनीच दिली होती. एकेका नळकांड्यात दोनशे टनांच्या वर घट्ट इंधन, रबरासारखं. आपल्या कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या दहा-बारा भरल्या ट्रका उभ्या असाव्यात, तेवढं वजन एका नळकांड्यात.

हे इंधन देशात बनायला लागलं, त्यामागं ज्यांचा मोठा हात होता ते डॉ. वसंत रणछोड गोवारीकर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे नाव वेगळ्याच कारणानं माहीत आहे. पावसाचं गोवारीकर मॉडेल म्हणतात, ते याच माणसाचं.

त्यांचा जन्म २५ मार्च १९३३ चा, पुण्यातला. लहानपण कोल्हापुरात गेलं. पुढं ते इंग्लंडला बर्मिंगहॅम विद्यापीठात गेले अन् प्रा. गार्नर यांच्या हाताखाली केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी केली. वाहत्या द्रवात घन वस्तू ठेवली तर तिची उष्णता आणि तिचे कण द्रवात कसे जातात, हा विषय. गुळाचा खडा वाहत्या पाण्यात धरला तर तो कसा अन् किती वेगानं विरघळेल, त्याचं गणित म्हणा. ते गार्नर-गोवारीकर सिद्धांत म्हणून ओळखलं जातं. नंतर तिथंच हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि समरफील्डला, जिथं रॉकेटच्या मोटारी बनायच्या, त्यांनी काम केलं.

चांगली नोकरी होती. तिकडंच राहिले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण विक्रम साराभाईंनी बोलावलं आणि १९६७ मध्ये ते केरळात थुंबा इथं आले. थुंबा म्हणजे तिरुअनंतपुरमजवळची कोळ्यांची वस्ती. पृथ्वीचा चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातो म्हणून जागा निवडलेली. ऑफिस जुन्या चर्चमध्ये, प्रयोगशाळा मिळेल त्या आडोशाला. रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो ना, तो तिथलाच.

त्या वेळी भारताकडं मोठ्या रॉकेटचं इंधन नव्हतं, आणि कुणी सहजासहजी देणारही नव्हतं. कारण उघड आहे. जे इंधन उपग्रह वर नेतं, तेच क्षेपणास्त्रही नेतं. एका रॉकेटपुरतं तंत्र फ्रान्सकडून मिळालं होतं, पण उसन्या बियाण्यावर किती वर्षं पेरणार? अमेरिकेनं जुलै १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरवला, त्यानंतर महिन्याभरातच आपली इस्रो स्थापन झाली. एवढं अंतर होतं दोघांत.

घट्ट इंधन म्हणजे काय, ते जरा नीट समजून घ्यायला पाहिजे. वर आकाशात हवा नसते, म्हणून जाळाला लागणारा ऑक्सिजनही रॉकेटनं सोबतच न्यायचा असतो. तो अमोनियम परक्लोरेट नावाच्या पांढऱ्या भुकटीतून मिळतो, आणि मिश्रणात सगळ्यात जास्त हीच असते. तिच्यात अॅल्युमिनियमची भुकटी घालायची. मग हे सगळं धरून ठेवायला रबरासारखं चिकट रसायन. कणीक मळावी तसं हे मळतात, नळकांड्यात ओततात आणि उबेत काही दिवस ठेवून घट्ट करतात. मधोमध आरपार पोकळी ठेवतात, कधी चांदणीच्या आकाराची. जाळ त्या पोकळीतून बाहेरच्या बाजूला सरकत जातो, म्हणून पोकळीच्या आकारावर जोर ठरतो.

खरी परीक्षा पुढं असते. आत हवेचा एक मोठा बुडबुडा राहिला किंवा एक भेग पडली, की जाळाला जास्त जागा मिळते, दाब एकदम वाढतो आणि सगळंच फुटू शकतं. म्हणून प्रत्येक तुकड्याचे एक्स-रे काढून आत पोकळ राहिलं का ते बघतात. मळताना ठिणगी पडली तर माणसं जातात, म्हणून ते काम दूर बसून यंत्रानं करायचं. गोवारीकरांनी या कामासाठी रसायन, यंत्र आणि तपासणी जाणणारी माणसं एकत्र आणली आणि एकामागून एक इंधनं तयार करवली. इस्रोनं बनवलेल्या चिकट रसायनांपैकी एक तर एरंडेल तेलापासून केलेलं होतं. बांधावरच्या एरंडाकडं एवढ्या मानानं आपण कधी पाहत नाही.

१९७९ मध्ये ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला एसएलव्ही-३ रॉकेट उडालं आणि समुद्रात पडलं. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. दोष इंधनाचा नव्हता, दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतून अॅसिड गळलं होतं. १८ जुलै १९८० ला पुन्हा उडवलं आणि ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. रॉकेट १७ टनांचं, चार टप्प्यांचं, आणि चारही टप्पे घट्ट इंधनाचे. पुढं पीएसएलव्हीचा पहिला टप्पाही घट्ट इंधनाचाच झाला, जवळजवळ १३९ टनांचा. २००८ ला चांद्रयान-१ नेलं ते याच जातीच्या रॉकेटनं.

गोवारीकर १९८६ ला दिल्लीत विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. पुढच्याच वर्षी, १९८७ ला, देशात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन त्यांनी पावसाच्या अंदाजाचं मॉडेल केलं. हिमालयावरचा बर्फ, पॅसिफिक समुद्राचं तापणं म्हणजे एल निनो, उंचावरच्या हवेची स्थिती, असे एकूण १६ घटक त्यात धरले. १९८८ ला चांगला पाऊस सांगितला आणि तो पडलाही. नंतरची बरीच वर्षं हे गणित जमत गेलं. आकाशवाणीवर गोवारीकर मॉडेल हा शब्द ऐकून लोक बियाणं भरायला लागले.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. हा अंदाज जून ते सप्टेंबरच्या, सबंध देशाच्या पावसाचा होता. आष्टी-पाटोद्यात मृग कोरडा जाईल का, गेवराईत दुबार पेरणी करावी लागेल का, हे त्यातून कळणं शक्यच नव्हतं. लोकांनी मात्र तो आपल्या शिवाराचा अंदाज समजून घेतला अन् पाऊस हुकला की शिव्या गोवारीकरांना घातल्या. २००२ ला मात्र मॉडेलच चुकलं. साधारण पाऊस सांगितला आणि देशात दुष्काळ पडला. त्यानंतर हवामान खात्यानं ते बाजूला ठेवून नवी मॉडेलं घेतली. म्हणून आधीचं काम वाया गेलं म्हणायचं का? एसएलव्ही-३ पण आधी समुद्रातच पडलं होतं.

नंतर ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार झाले, १९९५ ते ९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षही होते. पद्मश्री, पद्मभूषण मिळालं. म्हातारपणी मात्र त्यांनी जे केलं ते शेतीवाल्यांच्या जास्त जवळचं. सहकाऱ्यांना घेऊन खतांचा इंग्रजी विश्वकोश काढला, २००९ ला. युरियापासून सूक्ष्म अन्नद्रव्यांपर्यंत खतांची हजारो नोंदी करून माहिती दिलेली. रॉकेटचं इंधन काय अन् खत काय, शेवटी नायट्रोजनच्या रसायनाशीच गाठ. तो मराठीत असता तर कृषी सेवा केंद्राच्या दुकानात ठेवायच्या लायकीचा आहे.

२ जानेवारी २०१५ ला ते पुण्यात वारले. वय ८१.

आता माणूस वर पाठवायची तयारी चालू आहे. आधी गगनयान, आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, असं सरकारचं लक्ष्य आहे. घट्ट इंधनाची एक अडचण अशी की एकदा पेटलं की मोटर बंद करून पुन्हा चालू करावी तसं ते करता येत नाही. आत माणसं असतील तर हे फार जोखमीचं. म्हणून माणसांची कुपी संकटात रॉकेटपासून ओढून दूर नेणारी वेगळी यंत्रणा वर बसवतात, अमेरिकेच्या अपोलो यानालाही होती. गंमत म्हणजे तिच्या मोटारीही घट्ट इंधनाच्याच, कारण क्षणात पेटणारं अन् कुठल्याही पंपाविना चालणारं तेच. आपण तिची उडती चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ ला घेतली. त्याआधी १३ मे २०२२ ला श्रीहरिकोट्यात माणसं नेण्यासाठी तयार केलेली मोठी घट्ट इंधनाची मोटर जमिनीवरच बांधून पेटवली होती. २०३ टन इंधन १३५ सेकंद जळलं.