आवलीला न्याय देणारा दिग्दर्शक : कै. विष्णुपंत दामले

दरवर्षी ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आपल्या आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला येते. त्या दिवशी घरोघरी भाकऱ्यांचा थापा चालतो. पालखीपुढे हात जोडताना तुकोबांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्या आजीच्या पिढीला तर ती बोलपटात पाहिलेल्या विष्णुपंत पागनिसांचीच दिसे. ज्यांनी ती मूर्ती महाराष्ट्राच्या मनात बसवली, त्या दोन दिग्दर्शकांपैकी एक म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले. त्यांना सारे दामलेमामा म्हणत. आज भगिनींना त्यांची ओळख करून द्यावयाची आहे.

दामलेमामांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. गणपतीच्या मूर्तींचे हे गाव सोडून ते कोल्हापुरास गेले. तेथे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांच्या हाताखाली दामल्यांनी कला आत्मसात केली. पेंटर बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला होता आणि कॅमेरा स्वतःच घडवावा असे त्यांनी ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली तो कॅमेरा पुरा केला. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांत राबणारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. नमुना समोर नसताना यंत्र जुळवणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. तेथेच दामल्यांची शेख फत्तेलाल यांच्याशी जोडी जमली. फत्तेलाल म्हणजे साहेबमामा. ते कागलचे, जातिवंत चित्रकार. एक हिंदू, एक मुसलमान. परंतु पडद्यावर नाव यायचे ते दोघांचे एकत्र. १९२८ साली दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, दामले, फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली.

चित्रपट बोलू लागले तेव्हा ध्वनिलेखनाचे अवघड काम दामल्यांनी अंगावर घेतले. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’पासून ते काम त्यांच्याकडे होते. त्या काळी नट अभिनय करता करताच गात आणि वादक कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून साथ करीत. शब्द चुकला, कोणी खोकले, तर सारे पुन्हा पहिल्यापासून! १९३३ साली प्रभात पुण्यास आली. कंपनीच्या बहुतेक बोलपटांचे दिग्दर्शन शांतारामबापूंकडे असे. दामलेमामा पडद्याआड आवाज सांभाळीत. बोलपटाच्या दिग्दर्शनाची पाळी त्यांच्यावर आली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. तो बोलपट म्हणजे १९३६ सालचा ‘संत तुकाराम’.

पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले एक पद तुकोबांच्या वाणीत इतके मिसळून गेले की जाणत्यांनाही तो अस्सल अभंग वाटला. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांना तुकोबा करण्यात धाडसच होते. पण ते फळाला आले.

मात्र आम्हां स्त्रियांना या बोलपटाचे मोल वाटते ते आवलीमुळे. जिजाई ऊर्फ आवली म्हणजे संताला गांजणारी कजाग बायको, अशीच तिची ख्याती. तिच्यावर हसून पुढे जाणे सोपे होते. दामले-फत्तेलालांनी तिला हास्यास्पद केले नाही. नवरा घरी येणारे धान्य वाटून टाकतो. मुलांच्या ताटात काय वाढावे हा घोर मात्र तिचा. मूल आजारी पडते तेव्हा ती संतापून त्याला देवळात ओढीत नेते आणि पायताण हाती घेऊन पांडुरंगालाच जाब विचारते. पाहताना हसू येते आणि डोळेही भरतात, कारण तिचे म्हणणे खोटे नाही. ही भूमिका केली गौरीबाईंनी. त्या आधी कंपनीच्या चित्रपटांत लहानसहान कामे करीत. एवढी मोठी भूमिका अशा स्त्रीच्या हाती विश्वासाने देणे हेही दिग्दर्शकाचेच मोठेपण. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली चुलीपाशी, मुलांपाशी मागे राहते. भक्ती थोर खरी, पण त्या भक्तीची झळ कोणी सोसली, हे या बोलपटाने झाकून ठेवले नाही.

मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे या जोडीने ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि राजा नेने यांच्यासह ‘संत सखू’ (१९४१) हे बोलपट दिले. देहू आणि आळंदी ही आपली दोन्ही शेजारची गावे अशा रीतीने त्यांनी पडद्यावर आणली. १९४५ साली दामलेमामा निवर्तले. प्रभातही पुढे बंद पडली. पण पुण्यातील तिच्या जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली आणि आजही तेथे तरुण मुलेमुली ही कला शिकत आहेत.

दिग्दर्शकाचा सन्मान कशासाठी करावा? नुसत्या प्रसिद्धीसाठी नव्हे, पैशासाठी तर नव्हेच. ज्याने हातातली सारी विद्या विषयाच्या सेवेला लावली, सहकाऱ्याचे श्रेय स्वतःकडे ओढले नाही आणि जिच्याकडे कोणी पाहत नव्हते तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरला, त्याचा सन्मान करावा. यंदा आकुर्डीला पालखीपुढे हात जोडताना आवलीचीही आठवण ठेवावी. आणि तिला न्याय देणाऱ्या दामलेमामांची आणि साहेबमामांचीही. त्यांच्या स्मृतीस मंडळाचे विनम्र अभिवादन.