पोथ्या राखणारे नानासाहेब देव

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांचे हस्तलिखित वाङ्मय जपण्यात ज्यांनी दीर्घ आयुष्य वेचले, त्या धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण तथा नानासाहेब देव (१८७१-१९५८) यांचे आम्ही येथे आदराने स्मरण करीत आहोत.

देव व्यवसायाने वकील. १८९३ साली त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि मठामठांतून जुनी बाडे मिळविली. कोनाड्यात पडलेले बाड वाळवीच्या तोंडी जाण्यास किती काळ लागतो? डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. पुढे या बाडांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. नावाने मंदिर, परंतु तेथील ठेवा पोथ्यांचा.

आम्हां ख्रिस्ती जनांना या श्रमांचे मोल निराळे सांगावयास नको. येशूसंघीय फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ पासून तीनदा छापले गेले, पण त्या छपाईची एकही प्रत उरली नाही. अनाम भाविकांनी हाताने नकला करून घेतल्या, म्हणूनच १९०७ साली, देवांच्या दासबोधानंतर अवघ्या दोन वर्षांनी, मंगळूरला ते पुन्हा छापता आले. त्या नकलाकारांची नावे काळाच्या उदरात गेली. देवांचे नाव मात्र राहिले आहे आणि त्यांनी मिळविलेली बाडे धुळ्यात आहेत.