झाडूवाल्यांची मिरवणूक काढणारा प्राध्यापक

काही वर्षांपूर्वी देहू परिसरातल्या आमच्या एका वस्तीतील पंधरा-वीस माणसे घेऊन आम्ही एका सुनावणीला गेलो होतो. प्रारूप आराखड्यात वस्तीच्या अंगावरून एक रुंद रस्ता सरळ रेघेत गेला होता. वस्तीतल्या एका आजींनी भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहून आपले घर कुठे आहे, विहार कुठे आहे, नळ कुठे आहे असे विचारले. नकाशात त्या जागी फक्त एक रंग होता. साहेबांनी रंगाचा अर्थ सांगितला, हरकत लिहून द्या म्हणाले आणि पुढचे नाव पुकारले. आमच्या वाट्याला मोजून पाच मिनिटे आली. वकिली करूनही त्या पाच मिनिटांत आम्हाला कलमांपलीकडे काही बोलता आले नाही, आणि आजींना जे विचारायचे होते ते कोणत्याच कलमात बसत नव्हते.

नकाशा काढण्यापूर्वी गल्ली पायाखाली घालावी, तिथल्या माणसांशी बोलावे, मगच पेन्सिल हातात घ्यावी, हा विचार काही आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी एक दाढीवाला स्कॉटिश प्राध्यापक हेच सांगत आपल्या देशात दहा वर्षे हिंडत होता. त्यांचे नाव सर पॅट्रिक गेडिस. नगररचनेच्या अभ्यासक्रमात त्यांचे नाव हमखास येते. आमच्या वस्त्यांमध्ये मात्र ते कुणाला ठाऊक नाही. वस्त्या मोडायच्या की सुधारायच्या हा प्रश्न ज्यांच्या डोक्यावर लटकतो आहे त्यांनी हा माणूस ओळखला पाहिजे. आणि ओळखताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत, कारण या माणसाची एक बाजू आम्हाला पटते आणि दुसरी अजिबात पटत नाही.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधील बॅलेटर गावचा. बालपण पर्थ गावात गेले. लंडनला जाऊन ते हक्सले या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले, पण पदवी अशी त्यांनी कधी घेतलीच नाही. १८७९ मध्ये मेक्सिकोत अभ्यासाला गेले असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत दिवस काढताना ते मनातल्या मनात चौकटी आखून विचार मांडायला शिकले आणि ही सवय त्यांना जन्मभर राहिली. पुढे दृष्टी सुधारली, परंतु सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे अवघड झाले. जीवजंतू पाहणारा हा माणूस मग शहरे पाहू लागला.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या जोडप्याने जे केले ते आमच्या पुढाऱ्यांनी आवर्जून वाचावे. एडिंबरो शहराच्या जुन्या भागात जेम्स कोर्ट नावाची दाटीवाटीची, घाणीने भरलेली, गरिबांची वस्ती होती. श्रीमंत ती सोडून नव्या भागात गेले होते. गेडिस दांपत्य उलट तिथेच बिऱ्हाड घेऊन राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी जिने धुतले, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या, मोकळ्या जागांत बागा केल्या. जे घर अगदीच मोडकळीला आले असेल तेवढेच पाडायचे आणि त्या जागेतून हवा-उजेड आत आणायचा, बाकी वस्ती दुरुस्त करायची, ही पद्धत तिथे आकाराला आली. डॉक्टर जसा सडलेला तेवढाच भाग काढतो आणि रोगी वाचवतो, तशी ही जपून केलेली शस्त्रक्रिया. पुढे ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण नोकरी फक्त उन्हाळी सत्राची, म्हणून उरलेले वर्ष शहरांच्या कामाला मोकळे राहिले.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले. शहरांविषयीचे नकाशे आणि चित्रे यांचे मोठे प्रदर्शन त्यांनी मागून बोटीने धाडले होते. महायुद्ध पेटले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. वर्षानुवर्षांची मेहनत समुद्रतळाशी गेली. मित्रांनी इंग्लंडमध्ये नव्याने साहित्य जमवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

त्या काळी आपल्याकडे नगरसुधारणा म्हणजे काय होते? १८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गरिबांच्या गल्ल्यांवर नांगर फिरवून सरळ, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळली की रोग जाईल, हा त्याचा खाक्या. ज्यांची घरे गेली त्या सगळ्यांना नवी मिळाली नाहीत. ती माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. गेडिस यांनी याच धोरणावर बोट ठेवले. मद्रास इलाख्यातील तंजावर आणि मदुरा, मुंबई इलाख्यातील गावे, मग बडोदा, लखनौ, लाहोर, ढाका अशा अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. पद्धत एकच. सकाळी उठायचे आणि पायी निघायचे. प्रत्येक बोळ, विहीर, झाड, पार, गटार पाहायचे, भेटेल त्याच्याशी बोलायचे, कुठे वाट तुंबते आणि कुठे एक पडकी भिंत काढली तर पाच घरांना उजेड मिळतो हे टिपायचे. मग इंजिनिअरच्या आराखड्याशेजारी आपला आराखडा ठेवून दाखवायचे की पाडापाडी किती कमी होते आणि खर्च किती वाचतो. इंजिनिअर मंडळी अर्थातच नाराज होत. सरकारने पुष्कळ अहवाल कपाटात टाकले.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. पत्नी ॲना त्या वेळी हिंदुस्थानात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना मुलाची बातमी सांगितलीच नाही. काही आठवड्यांतच त्याही गेल्या. तीस वर्षांची सोबतीण आणि मुलगा असे दोघेही गमावून हा माणूस पुन्हा कामाला लागला, तो होळकरांच्या इंदूरमध्ये. बाबासाहेबांचा जन्म झाला ते महू तिथून जवळच.

इंदुरात प्लेग होता. लोकांना घरे साफ करा म्हणून हुकूम काढून काही होत नव्हते. गेडिस यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता महाराजाचा मान मागून घेतला आणि दिवाळीला मोठी मिरवणूक जाहीर केली. मिरवणुकीचा मार्ग हिंदूंच्या रूढ मिरवणुकीचा नसेल, मुसलमानांच्याही नसेल. ज्या गल्ल्यांनी घरे जास्तीत जास्त दुरुस्त केली, स्वच्छ केली, झाडे लावली, त्यांच्यातून ती जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मग काय विचारता! साऱ्या शहराने झाडू हाती घेतले. गाड्यांच्या गाड्या कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत लष्कर होते, हत्ती होते, गवंडी-कुंभारांसारखे कारागीर होते, गलिच्छपणाचा राक्षस होता आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीरही होता. शेवटी त्यांची होळी झाली. आणि या सर्वांत मानाने चालले ते शहराचे सफाई कामगार. नवे पांढरे कपडे, नवी पागोटी, फुले, रंगवलेल्या गाड्या, शिंगे रंगवलेले बैल. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई ती माणसे राजाच्या मिरवणुकीत, भर रस्त्यातून, ताठ मानेने गेली.

हे चित्र वाचताना आमचा ऊर भरून येतो, हे कबूल करतो. पण वकिलाची खोड अशी की पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या दिवशी काय झाले? दुसऱ्या दिवशी ती पागोटी उतरली आणि तोच झाडू, तीच टोपली, तीच जात उरली. मैला वाहणारा कोण हे जन्माने ठरते, या व्यवस्थेवर गेडिस यांची ती जपून चालणारी सुरी चालली नाही. त्याच मिरवणुकीत लक्ष्मी होती आणि घरोघर वाटायला तुळशीची रोपेही होती. दक्षिणेतली देवळाभोवतीची शहरे त्यांना नगररचनेचा आदर्श वाटत. त्या आदर्श शहरात देवळाजवळ कोण राहतो आणि वेशीबाहेर कोण, हे ठरवणारा कायदा त्यांना रचनेचे सौंदर्य म्हणून दिसला. बाहेरून आलेल्या भल्या माणसाला आपल्या गावकुसाची मोहिनी पडते. कुसाबाहेर जन्मलेल्याला पडत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी आमच्या लोकांना खेडे सोडून शहराची वाट धरायला सांगितली.

सफाई कामगारांचे पुढे काय झाले याची साक्ष कायद्याची पुस्तके देतात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ ला आला, तो पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारात मरणाऱ्याच्या वारसांसाठी ३० लाखांची भरपाई ठरवून द्यावी लागली. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वात स्वच्छ शहर म्हणून पहिला नंबर घेत आले. तो नंबर कुणाच्या हातांनी मिळवला, त्या हातांची जात कोणती, हे कुठल्या प्रमाणपत्रावर छापलेले नसते.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग उघडला आणि गेडिस तिथे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना वर्गात बसवण्यापेक्षा रस्त्यावर फिरवणारा हा शिक्षक होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी निवडले ते त्यांनीच. पुढे घुर्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले आणि १९३२ ला त्यांचे जातीवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. पण जातीची चिकित्सा करणारा निबंध त्याआधीच, १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला गेला होता आणि १९१७ मध्ये छापूनही आला होता. तो लिहिणारा तरुण १९१८ ते १९२० या काळात मुंबईतच सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता, परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होता, आणि त्याने प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी प्यावे यावर सहकाऱ्यांचा आक्षेप होता. एकाच शहरात एकीकडे नागरिकशास्त्राचा पहिला वर्ग आणि दुसरीकडे हा माठ! गेडिस मुंबईत असतानाच, १९२३ मध्ये, रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना कागदावर खुल्या झाल्या. तो कागद खरा करायला १९२७ ला महाडला जावे लागले. आमच्या मते या देशात नागरिकशास्त्राचा खरा तास चवदार तळ्यावर झाला.

१९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने गेडिस मुंबई सोडून फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवासी विद्यालय उभारले. तेल अवीव शहराचा आराखडाही याच काळातला. १९१२ मध्ये नाकारलेली सर ही पदवी त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथेच त्यांचे निधन झाले. १९४७ मध्ये जॅकलिन टिर्विट या बाईंनी त्यांच्या हिंदुस्थानी अहवालांतले निवडक भाग पुस्तकरूपाने छापले, तेव्हा कुठे जगाला कपाटातले कागद पुन्हा दिसले.

आता आमच्या कामाचे. गेडिस यांची लक्ष्मी आणि तुळस त्यांच्यापाशी राहो. त्यांची पायी फिरण्याची रीत मात्र आम्ही घेतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २५ मध्ये आराखड्याआधी सर्वेक्षण करून जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा तयार करण्याची तरतूद आहे. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती-सूचना मागवल्या जातात, कलम २८ खाली त्यांचा विचार होतो. आमचे लोक जागे होतात ते २६ ला. तोवर वस्तीचा रंग ठरून गेलेला असतो. लढाई २५ ला सुरू झाली पाहिजे, आणि ते सर्वेक्षण चुकले आहे हे दाखवायचे तर आपल्या हातात आपले सर्वेक्षण पाहिजे.

१९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या विहारात दर रविवारी जमणाऱ्या पोरांपैकी आठ-दहा जणांना आम्ही त्या सुनावणीनंतर मोजपट्टी आणि वही घेऊन वस्तीत पाठवले. चार रविवार गेले. घर, दार कुठल्या बाजूला, नळ, संडास, गटार, विहार, पिंपळ, कारखान्याची बस थांबते ती जागा, पावसाळ्यात पाणी तुंबते ती जागा, सगळे त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढले. आजींचे घर त्यात सतराव्या क्रमांकावर आहे. प्रत्येक कुटुंबाची सही किंवा अंगठा घेऊन तो नकाशा हरकतीला जोडला, दोन प्रतींत दाखल केला आणि शिक्का मारलेली पोच घेतली.