सबुरी

मराठीत 'सबुरी' असा एक शब्द आहे. तो आपल्या ओळखीच्या 'सब्र' या शब्दापासून आला आहे. दुःख आले तरी न डगमगता आपले काम करीत राहणे, म्हणजे सबुरी. ही सबुरी प्रत्यक्ष जगणाऱ्या एका थोर पुरुषाची ही हकिकत आहे. त्यांचे नाव मौलाना अबुल कलाम आझाद.

मौलाना आझाद यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का शहरात झाला. त्यांचे वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे विद्वान होते. आई अरब होती. आझाद अगदी लहान असतानाच हे कुटुंब कोलकात्याला येऊन राहिले. आझादांचे शिक्षण घरीच झाले. अरबी, फारसी आणि इस्लामी शास्त्रे यांचा अभ्यास त्यांनी फार लवकर पुरा केला.

परंतु वडिलांकडून मिळालेल्या श्रद्धेवर त्यांचे समाधान झाले नाही. तरुणपणी त्यांच्या मनात अनेक शंका उभ्या राहिल्या. धर्म खरा असेल, तर त्याच्या नावाने इतके तंटे का होतात, असा प्रश्न त्यांना पडला. काही वर्षे ते फार बेचैन होते. पुढे वाचन आणि चिंतन करून ते पुन्हा श्रद्धेकडे वळले. ही श्रद्धा केवळ वारशाने आलेली नव्हती, ती त्यांनी स्वतः शोधून मिळवली होती. म्हणूनच ती पुढे संकटात टिकली.

१९१२ साली त्यांनी 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्यातील लेखांनी लोक जागे झाले आणि इंग्रज सरकार चिडले. १९१६ साली त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले. रांची येथे ते सुमारे साडेतीन वर्षे नजरकैदेत होते. कुराणाचा उर्दू अनुवाद आणि त्याचे विवरण लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. पोलिसांनी झडती घेऊन त्यांचे कागद जप्त केले. पुढे १९२१ साली त्यांना अटक झाली, तेव्हाही तसेच घडले. कागद परत मिळाले तेव्हा ती नुसती फाटक्या, विस्कटलेल्या पानांची रास होती. कित्येक वर्षांची मेहनत वाया गेली. या घावाने त्यांचे मन इतके खचले, की बराच काळ त्यांना पुन्हा लेखणी उचलवेना. पण शेवटी ते नव्याने लिहायला बसले. १९३० साली त्यांनी 'तर्जुमानुल कुराण' या ग्रंथाचा पहिला भाग पूर्ण केला.

याहून मोठी परीक्षा पुढे होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच झाली.

१९४२ साली मौलाना आझाद काँग्रेसचे अध्यक्ष होते. ऑगस्टच्या आरंभी ते मुंबईच्या अधिवेशनासाठी कोलकात्याहून निघाले. त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम यांची प्रकृती बरी नव्हती. तरीही त्या निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. ही आपली शेवटची भेट आहे, हे तेव्हा मौलानांना ठाऊक नव्हते. ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'चा ठराव झाला. ९ तारखेला पहाटेच नेत्यांची धरपकड झाली. मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, शंकरराव देव इत्यादी नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. ज्या किल्ल्याचे रक्षण एकेकाळी चांदबिबीने केले, तोच हा किल्ला. २०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर आहे.

किल्ल्यात मौलानांनी आपला दिनक्रम ठरवून घेतला. पहाटे लवकर उठावे, स्वतः चहा करावा आणि मित्राला उद्देशून पत्रे लिहावीत. ही पत्रे पाठवता येत नव्हती. पुढे १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्याच एका पत्रात त्यांनी एक विचार मांडला आहे. तत्त्वज्ञान माणसाला शंका देते, विज्ञान पुरावा देते, पण दुःखाने होरपळलेल्या मनाला टेकायला आधार हवा असतो. तो आधार धर्मच देतो, असे त्यांचे म्हणणे होते.

काही महिन्यांतच या विचाराची कसोटी लागली. १९४३ च्या वसंतात पत्नीचा आजार वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले, की सरकारला काही कळवायचे असेल तर आपण ते तातडीने पोहोचवू. नेहरूंनीही त्यांच्याशी याविषयी बोलून पाहिले. परंतु ज्या सरकारशी आपण लढतो आहोत, त्याच्याकडे सवलत मागणे मौलानांना मान्य नव्हते. ९ एप्रिल १९४३ रोजी झुलैखा बेगम यांच्या मृत्यूची बातमी आली. पस्तीस वर्षांहून अधिक काळची सोबत संपली. शेवटची भेट नाही आणि जनाजाही नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. इतके दिवस ती त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. आता मात्र ती कबर त्यांना आपल्या माणसासारखी वाटली.

मौलानांनी आपला दिनक्रम मोडला नाही. जेवणाची इच्छा नसली, तरी ते ठरल्या वेळी सर्वांबरोबर बसत. पुढे पत्रात त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली आहे. बाहेरून आपण शांत राहिलो, पण आत मन तसे शांत नव्हते. त्या शांतपणात थोडा देखावाही होता. ही कबुली देण्यास मोठे मन लागते. सबुरी म्हणजे दगड होणे नव्हे, हे यावरून कळते. दुःख होतेच, पण श्रद्धावान माणूस दुःखाच्या हाती आपले आयुष्य सोपवीत नाही.

जून १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली. कोलकात्याच्या हावडा स्थानकावर लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती. मौलाना मात्र घरी जाण्याआधी कबरस्तानात गेले. त्यांच्या गळ्यात पडलेल्या हारांपैकी एक हार गाडीत होता. तो त्यांनी पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मूकपणे फातिहा पढली. मग ते पुन्हा देशाच्या कामाला लागले.

स्वतंत्र भारताचे ते पहिले शिक्षणमंत्री झाले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीत जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे. १९९२ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला. त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

दुःख कोणाला चुकले आहे? आपल्या घरीही कधी ना कधी ते येते. आपल्या माणसाचे जाणे का घडले, याचे उत्तर मौलानांनाही मिळाले नसेल. पण त्यानंतर कसे जगावे, हे त्यांना आपल्या श्रद्धेने दाखवले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले, हीच त्यांची सबुरी.