कान्होजींच्या बंदरात

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे मुसाकाझीला गेलो होतो. वाघोटन खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग किल्ला आहे. मामाची छोटी शिडाची होडी आहे. एक दिवस सकाळीच मामा मला आणि मामेभावाला घेऊन निघाला.

सकाळी मतलई वारा असतो. भूगोलात मी तो पाठ केला होता, पण अंगाला लागला त्या दिवशी. खाडीच्या तोंडाशी होडी अशी डुलू लागली की मी फळी घट्ट धरली. तरी सुकाणू कोणी धरायचे यावरून आम्ही दोघे भांडलोच! मामाने ते दोघांनाही दिले नाही.

मग होडी किल्ल्याच्या आडोशाला वळली आणि काय गंमत, पाणी एकदम तळ्यासारखे झाले. दोन्ही बाजूंना डोंगर, पुढे किल्ला. मामाने नांगर टाकला. तो म्हणाला की कान्होजी आंग्र्यांची गलबते इथेच उभी असत.

मित्रांनो, कान्होजींचा जन्म १६६९च्या सुमारास झाला. वडील तुकोजी. लहानपण सुवर्णदुर्गावर गेले. पुढे ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल झाले. त्यांच्याकडे दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा होत्या आणि हलकी गलबते होती. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागीच थांबत, ही मात्र वल्हवत जात. मला तर गलबतच जास्त आवडते.

आपल्या समुद्रातून जायचे तर कान्होजींचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. इंग्रज तो घेईनात आणि वर कान्होजींनाच चाचा म्हणत. हे काही बरोबर नाही. इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर हल्ला केला. १७२० साली तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्गावर आले. १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले. प्रत्येक वेळी हात हलवत परत!

कान्होजींचे पेशव्यांशीही एकदा वाकडे आले होते. पण १७१४ साली बाळाजी विश्वनाथांशी बोलणी झाली आणि ते भांडण मिटले. १७२९ साली कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागला आहे.

पुढचे मामाने सांगितले तेव्हा मला वाईट वाटले. त्यांच्या मुलांत, संभाजी आणि मानाजी यांच्यात, भांडण लागले. घर दोन ठिकाणी झाले. नंतर धाकटे तुळाजी विजयदुर्गावर होते. त्यांचे पेशव्यांशी पटेना. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज समुद्रातून आले आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. जहाजे किल्ल्याजवळ एकमेकांना बांधून ठेवलेली होती. एकाला आग लागली, ती सगळ्यांना लागली. ज्या शांत पाण्यात आम्ही चिवडा खात बसलो होतो, तिथेच आरमार जळाले. मी खाली वाकून पाहिले. पाणी हिरवे होते, काही दिसले नाही. मामेभावही गप्प होता.

दुपारी खारा वारा सुटला. परत येताना मामाने सुकाणू मामेभावाला दिले आणि शिडाची दोरी माझ्या हातात दिली. तो सांगेल तशी मी सैल सोडली, मी ओरडलो की त्याने वळवले. होडी बरोबर मुसाकाझीला लागली. दोरीने माझा तळहात लाल झाला होता. तो मी आजीला दाखवला.