क्रिलचे बालपण शोधणारा स्काउट

सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अखेरच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी १९२१ मध्ये ब्रिटनमधील स्काउटांकडून अर्ज मागविण्यात आले, तेव्हा सुमारे १,७०० मुलांतून दोघांची निवड झाली. एकाला समुद्र मानवला नाही. तो मदेराहूनच परतला. दुसरा होता अॅबर्डीनचा १८ वर्षांचा जेम्स मार. ५ जानेवारी १९२२ रोजी दक्षिण जॉर्जिया बेटापाशी ‘क्वेस्ट’ जहाजावरच शॅकल्टन यांचे निधन झाले. नायक गेला, पण या मुलाची दक्षिणेची ओढ काही गेली नाही.

प्राणिशास्त्राचे शिक्षण घेऊन मार १९२७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ संशोधन योजनेत दाखल झाले. तेलासाठी देवमाशांची बेसुमार कत्तल तेव्हा चालू होती आणि त्याच धंद्यावरील कराच्या पैशातून देवमाशांचा अभ्यास होत होता! देवमाशाचे अन्न म्हणजे क्रिल, कोळंबीसारखा दिसणारा बोटभर लांबीचा जीव. तो वाढतो कसा, हे मार यांच्या आयुष्याचे कोडे ठरले.

मार यांचे सहकारी फ्रान्सिस फ्रेझर यांनी क्रिलच्या डिंभावस्थांचे वर्णन १९३६ मध्ये प्रसिद्ध केले होते. क्रिलची मादी उन्हाळ्यात हजारो अंडी सोडते. ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी असतात आणि बुडत बुडत शेकडो मीटर खोल जातात. तेथील काळोखात नॉप्लिअस हा डिंभ बाहेर पडतो. त्याला खाता येत नाही. अंड्यातील बलकाची शिदोरी तेवढी जवळ असते. तिच्यावर गुजराण करीत, कात टाकीत तो वर चढू लागतो. कॅलिप्टोपिस अवस्थेत तो प्रथम अन्न घेऊ लागतो. त्याआधी शिदोरी सरली, तर मरण ठरलेले. कॅलिप्टोपिसच्या तीन आणि त्यानंतर फर्सिलियाच्या सहा पायऱ्या ओलांडल्यावर लहानगा क्रिल आकाराला येतो.

हा प्रवास डोळ्यांनी पाहणे अशक्यच. निरनिराळ्या खोलींवरून ओढलेल्या जाळ्यांत कोणती अवस्था किती सापडली, याची वर्षानुवर्षे मोजदाद करूनच तो जुळवावा लागला. साहसाच्या वेडाने निघालेल्या तरुणाने असे कंटाळवाणे काम पत्करावे, हे मला त्यांच्या साऱ्या सफरींहून मोठे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये अंटार्क्टिकातील गुप्त ‘टॅबरिन’ मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले; प्रकृती ढासळल्याने १९४५ मध्ये ते सोडावे लागले. त्यानंतर मार ब्रिटनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जुने नमुने आणि नोंदी यांत बुडून गेले. क्रिलवरील त्यांचा ४०० हून अधिक पानांचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर दक्षिण समुद्रातील निळे देवमासे जवळजवळ संपले होते. मार १९६५ मध्ये निवर्तले. निळ्या देवमाशाला पूर्ण संरक्षण मिळाले ते त्याच्या पुढल्या वर्षी.